आईचा क्लेम आणि केसपेपरवरचं १०/१२

आईच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. फेब्रुवारी २०२५. ती तासगावला भावाकडे, मी पुण्यात. भावाने शेजाऱ्याची गाडी काढली आणि तासाभराच्या आत तिला सांगलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात पोहोचवलं. ईसीजीत ॲटॅक स्पष्ट दिसत होता. मी मिळेल त्या गाडीने सकाळी तिथे पोहोचले तोवर अँजिओप्लास्टी होऊन दोन स्टेंट बसलेही होते आणि आई सीसीयूत, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात, डोळे मिटून पडली होती. त्या रात्रीच्या डॉक्टरांनी एक मिनिट वाया घालवलं नाही. पुढे जे झालं ते लिहिताना हे आधी सांगायलाच हवं.

आईची आरोग्य विम्याची पॉलिसी मी जानेवारी २०२१ मध्ये काढली होती. कोविडची पहिली लाट नुकतीच ओसरली होती, आमच्या ओळखीतले दोघं बिलांखाली पार पिचून गेले होते, म्हणून घाईघाईने ५ लाखांचं कव्हर घेतलं. प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे पॉलिसीच्या अर्जावर, बीपी, शुगर, दमा, सगळ्यांपुढे ‘नाही’ लिहिलं होतं आणि ते शब्दशः खरं होतं. तिला बीपी निघालं ते एप्रिल २०२४ मध्ये. तासगावच्या आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी सुरू केली, तेवढंच.

हॉस्पिटलातल्या कॅशलेसच्या, म्हणजे विमा कंपनीने बिल परस्पर भरण्याच्या सोयीच्या, काउंटरवर एक बाई होत्या. त्यांनी पॉलिसी पाहिल्या पाहिल्या मला बाजूला घेतलं. “ताई, तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याला कव्हरच्या एक टक्क्याची मर्यादा आहे. म्हणजे दिवसाला पाच हजार. सीसीयूतून बाहेर आल्यावर साडेसहा हजारांची सिंगल रूम घेऊ नका.” मला वाटलं, वरचे दीड हजार आपण भरू, त्यात काय! तसं नसतं. भाडं मर्यादेच्या वर गेलं की त्याच प्रमाणात डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यालाही कात्री लागते. औषधं, स्टेंटसारखं इम्प्लांट आणि तपासण्या यांना ती लावायची नाही असा नियम आहे, पण उरलेल्या रकमेतलाही कट काही हजारांचा होतो. आम्ही दोघांत एक अशी खोली घेतली. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

कॅशलेसची विनंती गेली. विमा प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा असतो. आमच्याकडे निर्णयाऐवजी प्रश्न आला: रक्तदाब किती वर्षांपासून, पहिल्या निदानाची कागदपत्रं जोडा. भाऊ तासगावला जाऊन फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आला. संध्याकाळी उत्तर आलं की कॅशलेस देता येत नाही, बिल भरून नंतर क्लेम सादर करा.

बिल २,४१,३०० रुपये झालं. भावाने पतसंस्थेतली ठेव मोडली. ती पुरली नाही तेव्हा आईच्या पाटल्या बँकेत ठेवून सोनेतारण घेतलं. आईला हे घरी आल्यावर कळलं. ती काही बोलली नाही, नुसते मोकळे हात पदराखाली घेतले.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं काय, असं नंतर अनेकांनी विचारलं. योजना आता राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांसाठी आहे, ५ लाखांपर्यंत आहे आणि तीत अँजिओप्लास्टी बसते. पण हॉस्पिटल योजनेच्या यादीत असावं लागतं, आमचं नव्हतं. रात्री एक वाजता जवळचं हॉस्पिटल गाठायचं एवढंच भावाच्या डोक्यात होतं आणि ते बरोबरच होतं. तरी १५५३८८ हा योजनेचा हेल्पलाइन नंबर आता आमच्या घरात फ्रिजवर चिकटवलेला आहे.

डिस्चार्जच्या दिवशी मी सगळे कागद मोजून घेतले. मूळ बिलं, औषधांच्या पावत्या, रिपोर्ट, अँजिओग्राफीची सीडी, आणि स्टेंटच्या खोक्यावरचे दोन स्टिकर एका कोऱ्या कागदावर चिकटवून. ते स्टिकर नसतील तर स्टेंटचा खर्च अडकतो. ते मला ठाऊक होतं. डिस्चार्ज समरीचं, म्हणजे घरी सोडताना हॉस्पिटल देतं त्या आजार-उपचारांच्या सारांशाचं, मात्र मी औषधांचं पान तेवढं वाचलं. पहिल्या पानावर पूर्वेतिहासात काय टाइप झालंय ते पाहिलं नाही.

क्लेम पाठवला आणि एप्रिलच्या मध्यावर पत्र आलं. डिस्चार्ज समरीनुसार रुग्णास १०-१२ वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे, पॉलिसी घेताना ही महत्त्वाची माहिती दडवली, सबब क्लेम नामंजूर आणि पॉलिसीही रद्द. पत्र हातात घेऊन मी समरी काढली. खरंच, इंग्रजीत स्वच्छ टाइप केलेलं होतं: उच्च रक्तदाब, १०-१२ वर्षं.

पैसे गेले याच्यापेक्षा ‘दडवली’ हा शब्द मला जास्त लागला. माझ्या आईने आयुष्यात किराणा दुकानदाराचा रुपया दडवला नाही.

पहिला प्रश्न हा की हे आलं कुठून? भाऊ शपथेवर सांगत होता की त्याने ‘दहा महिने’च सांगितलं. मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात इनडोअर केसपेपरच्या, म्हणजे आई दाखल असतानाच्या नोंदींच्या, प्रमाणित प्रतींसाठी अर्ज केला. हा रुग्णाचा हक्क आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत मागणीनंतर ७२ तासांत कागद द्यायचे असं लिहिलंय. “तीन दिवसांनी या ताई,” तिथला क्लार्क म्हणाला, आणि खरोखर तीन दिवसांनी सगळा गठ्ठा तयार ठेवला.

दाखल करतानाच्या पानावर रात्रीच्या डॉक्टरांचं अक्षर होतं. घाईचं, उतरतं. त्यात एचटीएन, म्हणजे बीपी, आणि त्यापुढे १०/१२. मी ते पान घेऊन वॉर्डात गेले आणि ड्यूटीवरच्या एका तरुण डॉक्टरांना विचारलं, हे काय आहे? त्यांनी एका नजरेत सांगितलं, “दहा महिने. आम्ही महिने असे बारावर लिहितो, आठवडे बावन्नवर, दिवस सातवर.” म्हणजे भावाने बरोबर सांगितलं होतं, डॉक्टरांनी बरोबर लिहिलं होतं. समरी टाइप करणाऱ्याने त्या तिरक्या रेघेचं ‘दहा ते बारा’ केलं आणि पुढे ‘वर्षं’ आपल्या मनाने जोडलं. अडीच लाख रुपये त्या एका रेघेत अडकले होते. मी तिथेच बाकावर बसले आणि मला रडू आलं.

त्याच गठ्ठ्यात नर्सने भरलेला तक्ता होता. त्यात सरळ शब्दांत लिहिलं होतं: बीपी दहा महिने, गोळी रोज एक.

हृदयरोगतज्ज्ञांना भेटले. आधी ते थोडे कचरले, समरी एकदा दिली की बदलत नाहीत म्हणाले. केसपेपर पुढे ठेवल्यावर मात्र त्यांनी लेटरहेडवर दुरुस्तीचं पत्र दिलं, सही-शिक्क्यानिशी. पण नंतर आणलेल्या पत्राला कंपन्या फारशी किंमत देत नाहीत, हे मला विमा एजंट असलेल्या एका नातेवाइकांनी आधीच सांगितलं होतं. “आधीच्या तारखेचा कागद शोध,” ते म्हणाले. ही सगळ्यात कामाची सूचना ठरली. डिसेंबर २०२२ मध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्याआधी फिजिशियनने दिलेला फिटनेसचा कागद तिने कपाटात साड्यांखाली जपून ठेवला होता. रक्तदाब १२८/८०, जुना आजार नाही, चालू औषध नाही. पॉलिसीनंतर दोन वर्षांनी जिचं बीपी गोळीशिवाय नॉर्मल होतं, तिला त्याच्या कितीतरी आधीपासून बीपी कसं असेल?

हे सगळं जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना ईमेल केली. दोन गोष्टी नेमकेपणाने विचारल्या. नियमानुसार क्लेम नाकारण्याआधी कंपनीच्या आढावा समितीची मंजुरी लागते, ती झाली का? आणि पॉलिसीआधी निदान किंवा उपचार झाल्याचा कुठला कागद तुमच्याकडे आहे? कारण ‘आधीचा आजार’ या शब्दाची व्याख्याच तशी आहे. डॉक्टरांनी निदान केलेलं असावं किंवा उपचार सुचवलेले असावेत. दोन आठवड्यांनी उत्तर आलं: आम्ही आमच्या निर्णयावर ठाम आहोत. मग प्राधिकरणाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली. तीही फिरून कंपनीकडेच गेली आणि त्याच मजकुराने परत आली. या टप्प्यावर माणसं थकून सोडून देतात. मीही जूनचे दोन आठवडे फाइल उघडली नाही.

जुलैत विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, गेले. सांगली जिल्हा पुण्याच्या कार्यालयाकडे येतो, ते नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. तक्रार ऑनलाइन करता येते, मी कागद नेऊनही दिले. फी नाही. वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी, तिने नकार दिलेला असावा किंवा महिनाभरात उत्तर दिलेलं नसावं, आणि नकारापासून एक वर्षाच्या आत यावं. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. मी एका पानावर तारखांचा तक्ता केला, दुसऱ्या पानावर ‘१०/१२’ असलेल्या ओळीची मोठी केलेली झेरॉक्स लावली, तिसऱ्यावर मोतीबिंदूचा फिटनेस. बाकी सगळं मागे.

सुनावणी ऑक्टोबरमध्ये व्हिडिओवर झाली, जेमतेम वीस मिनिटं. आई माझ्या शेजारी बसली होती, नवी साडी नेसून. कंपनीच्या प्रतिनिधींनी दुरुस्तीचं पत्र मागाहून मिळवलेलं आहे हाच मुद्दा धरला. लोकपालांनी विचारलं, पॉलिसीपूर्वीच्या उपचाराचा एखादा कागद तुम्ही दाखल केलाय का? ते म्हणाले, नाही. मग लोकपालांनी केसपेपरची ओळ स्वतः वाचली आणि आईला विचारलं, “गोळी कधीपासून घेता?” आई म्हणाली, “गेल्या वर्षीच्या पाडव्यानंतर.” पाडवा ९ एप्रिलला होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची तारीख त्याच महिन्यातली होती.

निकाल महिनाअखेर आला. क्लेम द्यावा, पॉलिसी मूळ तारखेपासून पूर्ववत करावी. कंपनीला त्यासाठी ३० दिवस असतात. नोव्हेंबरात २,३३,४५० रुपये जमा झाले. ग्लोव्हज, मास्क वगैरे जे पॉलिसीत बसत नाही त्याचे ७,८५० वजा झाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सोनेतारणावर आम्ही भरलेलं व्याज आमचंच गेलं.

पाटल्या सोडवायला आई स्वतः बँकेत आली. तिथल्या तिथे हातात घातल्या.

या जानेवारीत पॉलिसीचं नूतनीकरण केलं. वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून गेल्यामुळे तेवढा हप्ता हलका झाला. पण कागद हातात आल्यावर मी आधी हप्ता पाहिला नाही. पहिल्या पॉलिसीची तारीख पाहिली. जानेवारी २०२१ च छापलेली होती. म्हणजे सलग ६० महिने पूर्ण झाले, आणि ६० महिन्यांनंतर, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय, माहिती दडवली या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. मी ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित केली आणि कागद आईला दिला. तिने तो मोतीबिंदूच्या कागदाशेजारी, साड्यांखाली ठेवला.