उजवा हात कुठे आहे?

बारोकच्या, म्हणजे सतराव्या शतकातल्या युरोपीय कलाशैलीच्या, तासाला पडद्यावर फ्लेमिश चित्रकार रूबेन्सचं चित्र होतं: हनीसकलच्या वेलाखाली बसलेले तो आणि त्याची बायको इसाबेला ब्रांट. 3 ऑक्टोबर 1609 रोजी अँटवर्पमध्ये त्यांचं लग्न झालं, त्याच सुमाराचं हे चित्र. आज ते म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक या संग्रहालयात आहे.

एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, याचा उजवा हात तलवारीच्या मुठीवर आहे आणि बायकोला दिलाय डावा. प्रेमापेक्षा रुबाब जास्त."

निरीक्षण चोख होतं, पण इमेजच उलटी होती. डाउनलोड करताना आरशासारखी फिरलेली, आणि स्लाइड बनवताना मीही तपासली नव्हती. उजव्या हाताने लढणारा माणूस तलवार डाव्या कमरेला लावतो. म्हणून पुरुष कुठल्या बाजूला बसलाय ते पाहण्याआधी तलवार पाहावी, मग संग्रहालयाच्या स्वतःच्या प्रतीशी ताडून घ्यावं.

इमेज सुलटी केली आणि अर्थच फिरला. उजव्या हातावर उजवा हात. रोमन काळापासून ही विवाहाच्या वचनाची खूण. आपलं पाणिग्रहण आठवा. तलवार आता डाव्या हाताखाली, नुसती टेकलेली. ती त्याचा दर्जा सांगते, धाक दाखवत नाही.

वेलाचं नाव आपल्याकडे काही जण 'मधुमालती' करतात. ती वेगळी. हनीसकल आधाराला पीळ घालत चढतो, आणि बंधनाचं प्रतीक म्हणून तो शोभतो तो या पिळामुळे.

"मग ती खाली का बसलीय?" हाही प्रश्न आलाच. त्या काळी पत्नीचं स्थान पतीच्या खालचं मानत, ते इथे आहे. गुळगुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. पण तो वरून हुकूम सोडत नाही. पायावर पाय टाकून सैल बसलाय, किंचित तिच्याकडे झुकलेला, आणि दोन्ही देहांची मिळून एकच वळणदार रेषा होते.

भाव ओळखताना मुलं हटकून क्युपिड, म्हणजे रोमन प्रेमदेव, शोधतात. इथे एकही नाही. दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत, आपल्याकडे बघतात. तिच्या ओठांवर जेमतेम हसू. चित्र सुमारे 178 बाय 136 सेंटीमीटरचं, म्हणजे माणसं जवळजवळ खऱ्या मापाची. प्रोजेक्टरवर ती भिंतभर होतात आणि ही जवळीक हरवते. शेवटी इमेज लहान करून पडद्याच्या खालच्या भागात आणली, तेव्हा पहिल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आता समोर बसल्यासारखे वाटतात."