हळद-कुंकू पुसायचं नाही

आषाढातल्या एका सकाळी शिरोळ तालुक्यातल्या एका घरातून आमच्याकडे, कोल्हापुरात, बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीत असलेल्या त्या घरच्या आजोबांची आणि आजींची पत्रं, दुरुस्तीसाठी. 2019 च्या महापुरात डबा माळ्यावर होता, त्यामुळे पाणी लागलं नाही, पण ओल आत शिरलीच. आजोबांची सव्वीस पत्रं होती आणि आजींची अकरा. बायकोची पत्रं सहसा उरत नाहीत, कारण आघाडीवरचा माणूस कागद कुठवर सांभाळणार? या जवानाने ती किटमध्ये घालून परत आणली होती.

डबा उघडला तसाच आधी फोटो काढला. कारण वरचं पत्र उचललं की रचना मोडते, आणि इथे रचना बोलत होती. आजींचं प्रत्येक उत्तर आजोबांच्या पत्राच्या घडीत सरकवलेलं होतं. तारखेने लावायच्या नादात या जोड्या फोडल्या असत्या तर पुन्हा जुळवता आल्या नसत्या.

घरच्यांचं पहिलं म्हणणं होतं, "डाग तेवढे काढून द्या." म्हणून आधी शाई तपासली. आजोबांचं लिखाण कॉपिंग पेन्सिलीचं, म्हणजे कोरडी असताना करडी आणि ओल लागली की जांभळी होणारी. आघाडीवर दौत-टाक कोण बाळगणार, म्हणून ही पेन्सिल चाले. तिच्या शिशात अ‍ॅनिलीन रंग असतो. कापसाचं जेमतेम दमट टोक एका ठिपक्याला टेकवलं आणि भिंगाखाली ते जांभळं झालं. पाणी बाद. अल्कोहोलमध्ये हा रंग आणखी पळतो, म्हणून तेही बाद. घड्यांवरचे जांभळे फराटे खिशातल्या घामाचे होते. ते तसेच ठेवले.

आजींची पत्रं मास्तरांच्या मोडी अक्षरातली. "साष्टांग नमस्कार विनंती विशेष", मग बैल, पाऊस, मनिऑर्डर पोचली. मास्तरांना सांगून लिहून घ्यायचं, तिथे मनातलं कसं लिहिणार? पण प्रत्येक पत्राच्या वरच्या कोपऱ्यात हळद-कुंकवाची बोटं होती. ती मास्तरांची नव्हेत. कागद घडी करण्याआधी आजींनी स्वतः लावलेली. एका कोपऱ्यात तर बोटाच्या रेषा दिसतात, पिवळ्यावर लाल किंचित सरकलेलं.

जुना कागद आम्लधर्मी होऊन ठिसूळ होतो, म्हणून एरवी त्याला सौम्य क्षार देतात. इथे तो दिला असता तर हळद लाल पडली असती. हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. त्यामुळे आम्लता काढायचा बेत सोडला. सगळं काम कोरडं करायचं ठरलं.

बुरशी सुकलेली होती. मास्क लावून, पत्र उघड्यावर ठेवून, मऊ ब्रशने मधून कडेकडे झाडली. टाचण्या गंजून रुतल्या होत्या. त्या ओढल्या की कागद फाटतो. म्हणून दोन्ही बाजूंना पॉलिएस्टर फिल्मचे तुकडे सरकवून टाचणीचं टोक हळूच उचललं. ताठ घड्या उघडायला एरवी दमट पेटी लागते. आषाढातल्या हवेने ते काम केलं: पत्रं अर्धा तास टीपकागदावर उघडी ठेवली, घड्या सैलावल्या. मग टीपकागदांच्या मध्ये, वर काच, एक दिवस.

फाटलेल्या घड्यांना पातळ जपानी कागदाच्या तीन-चार मिलिमीटरच्या पट्ट्या लावल्या. पट्टी कापायची नाही, फाडायची, म्हणजे तिचे तंतू मूळ कागदात मिसळतात. गव्हाच्या स्टार्चची खळ आधीच लावून वाळवलेली पट्टी दमट स्पंजवर क्षणभर टेकवायची, जादा ओल टिपायची आणि अक्षर टाळून बसवायची.

1944 च्या जुलैतल्या एका पत्रात सेन्सॉरने ब्लेडने चौकोन कापलेला होता. गावाचं नाव असणार. त्या उन्हाळ्यात मराठ्यांच्या पलटणी इटलीत टायबरच्या खोऱ्यात होत्या. 10 जुलैला नाईक यशवंत घाडगे तिथेच धारातीर्थी पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एरवी भोक दिसलं की आपण ते बुजवतो. हे बुजवलं नाही, फक्त कडा फाटू नयेत म्हणून मागून आधार दिला.

दोन पत्रं मात्र घरच्यांनी पुरानंतर दुकानातून लॅमिनेट करून आणली होती. गरम प्लॅस्टिक तंतूंत मुरलेलं असतं, सोलायला गेलं तर अक्षर त्याच्याबरोबर येतं. ती तशीच स्कॅन केली. म्हणून सांगतो, लॅमिनेशन करू नका.

सगळ्यांचं 600 डीपीआयला एकदाच स्कॅनिंग, तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. पॉलिएस्टरच्या पाकिटात स्थिर विजेने पेन्सिलीची भुकटी उचलली जाते, म्हणून आम्लरहित कागदाच्या घड्या केल्या. वर रुमाल बांधला तो धुतलेल्या मांजरपाटाचा. लाल कापड भिजलं की रंग सोडतं. डांबराच्या गोळ्या नाहीत. पेटी पहिल्या मजल्यावर, आतल्या भिंतीच्या कपाटात.

प्रत्येक जोडीला एकच घडी, मध्ये कोरा कागद. 7-अ आजोबांचं, 7-आ आजींचं. आतला कोपरा अजून पिवळा आहे.