लाल टोपण, नारिंगी टोपण

२१ जुलै

आमच्या बोक्याच्या, तांबूच्या, आजाराची पहिली खूण मोरीतल्या मुंग्यांनी दाखवली. गेल्या पाच महिन्यांत मी त्याच्याविषयी नुसते आकडेच लिहीत आले आहे, म्हणून आज ते सारे सलग लिहून ठेवावेसे वाटते. फेब्रुवारीत तो वाडगाभर पाणी एका दमात संपवू लागला, वाळूच्या ट्रेपर्यंत पोहोचण्याआधीच मोरीत लघवी करू लागला, दोन वेळचे जेवूनही ओट्यापाशी उभा राहून ओरडू लागला, आणि तरीही पाठीवरून हात फिरवला की मणके एकेक करून मोजता येऊ लागले. मी ते त्याच्या नऊ वर्षांच्या वयावर ढकलले. आईने मात्र एका सकाळी मोरीच्या कडेला लागलेली लाल मुंग्यांची रांग पाहिली आणि तिथूनच मला हाक मारली, "अगं, याला साखर झालीय. मुंग्या उगाच येत नाहीत." आई स्वतः चौदा वर्षे इन्सुलिन घेते, त्यामुळे तिचा शब्द मोडण्याचे धाडस मला झाले नाही.

दवाखान्यात त्याच्या रक्तातली साखर ४१२ निघाली. परंतु मांजर नुसते घाबरले तरी त्याची साखर चढते, म्हणून डॉक्टरबाईंनी फ्रुक्टोसामाइन नावाची दुसरी तपासणी सांगितली, जिच्यातून मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी कळते आणि भीतीने चढलेला आकडा वेगळा काढता येतो. तिचे पैसे देताना मी कचरले, पण तीच तपासणी टाळली असती तर पुढचे सगळे अंदाजावर चालले असते. वजन ६.८ किलोवरून ४.३ वर आले होते. मागचे पाय तो टाचा जमिनीला टेकवून टाकत होता; मला तो थकवा वाटला होता, पण साखरेने नसा दुखावल्या की मांजरे अशीच चालतात. नसबंदी झालेला बोका, उतरते वय, वाढलेले वजन आणि आठ वर्षे खाल्लेले पिष्टमय कोरडे खाद्य, ही सारी कारणे एकत्र आली होती. शिवाय आदल्या वर्षी खाज थांबावी म्हणून दुसऱ्या एका दवाखान्यात त्याला दीर्घकाळ टिकणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले होते. त्यानेही साखर वाढू शकते हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही, हे मी नंतर वाचले तेव्हा मला फार वाईट वाटले, कारण ज्या चवीची ओळखसुद्धा त्याला नव्हती, तिच्याच नावाचा आजार त्याच्या वाट्याला आला होता.

आता जे लिहिणार आहे ते मी अजून दादालाही सांगितलेले नाही. डॉक्टरबाईंनी इन्सुलिन त्याच दिवशी सुरू करायला सांगितले होते. महिन्याची वीस तारीख उलटून गेली होती, आईची औषधे आणि सोसायटीचा मेंटेनन्स भरून हातात फार थोडे उरले होते, म्हणून मी मनाशी ठरवले की पगार होईपर्यंत कोरडे खाद्य बंद करून नुसत्या उकडलेल्या कोंबडीवर भागवावे. असे नऊ दिवस मी काढले. आठव्या दिवशी त्याने खाणे सोडले. नवव्या दिवशी तो पिवळे पाणी ओकला आणि त्याच्या श्वासाला नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा वास येऊ लागला. इन्सुलिन नसले की रक्तात साखर भरलेली असूनही शरीराला ती वापरता येत नाही. मग ते चरबी जाळत सुटते, त्यातून बनणारी कीटोन नावाची आम्ले साचतात, रक्त आम्लयुक्त होत जाते आणि प्राणी काही दिवसांत दगावू शकतो. हे सगळे मला त्या दिवशी कळले, आणि तेव्हा तो टोपलीत डोळे अर्धवट मिटून पडलेला होता.

ठाण्यात एके ठिकाणी दाखल करण्याआधी पंधरा हजार रुपये भरावे लागणार होते. त्यांचा दोष नाही. त्यांनाही खर्च आहेतच. माझ्याकडे तेवढे नव्हते. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी परळच्या बैलघोडा रुग्णालयाचे नाव काढले. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे हे धर्मादाय रुग्णालय. १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळलाच आहे. खारीगावातून परळपर्यंतच्या टॅक्सीचे भाडे हा त्या दिवसाचा सर्वांत मोठा खर्च ठरला. तिथे केसपेपर काढला, सलाइन लागले, रक्तातले पोटॅशियम घसरले होते ते भरून काढले, आणि लवकर परिणाम करणारे इन्सुलिन थोडे थोडे देत त्याला चार दिवसांत काठावर आणले. चारही दिवस मी कामावरून सुटल्यावर कळव्याची गाडी न धरता परळला उतरणारी धरत होते. इन्सुलिनचे जे सहाशे रुपये मी पुढच्या महिन्यावर ढकलले होते, त्यांच्या कितीतरी पट रक्कम त्या आठवड्यात गेली. मी हिशेब लिहिण्याचे काम करते, आणि कोणता खर्च थांबू शकतो व कोणता नाही हे ओळखण्यात माझी इतकी मोठी चूक याआधी कधी झाली नव्हती.

३ ऑगस्ट

काल रात्री झोप झाली नाही. काय घडले ते तपशिलाने लिहिते, म्हणजे पुन्हा घडणार नाही.

तांबूला सकाळी सात आणि संध्याकाळी सात असे दोन वेळा दोन-दोन युनिट ग्लार्जिन देते. हे माणसांचेच इन्सुलिन आहे; एका मिलिलिटरला १०० युनिट अशा ताकदीचे, तीन मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये येते. आईचे इन्सुलिन कुपीतले, एका मिलिलिटरला ४० युनिटचे. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात: ४० वाल्याचे टोपण लाल, १०० वाल्याचे नारिंगी. फ्रिजच्या दारात दोन औषधे शेजारी शेजारी आणि कपाटात दोन डबे शेजारी शेजारी, अशी आमची व्यवस्था होती, आणि ती वाईट होती.

काल संध्याकाळी पावसाने साडेसहालाच वीज गेली. मी भिजून आले होते, सात वाजून गेले होते, मोबाइलच्या उजेडात मी डब्यातून सिरिंज काढली, दोन खुणांपर्यंत भरली आणि दिली. टोपण परत लावताना ते लाल दिसले. लाल टोपणाच्या सिरिंजवरच्या दोन खुणा म्हणजे १०० ताकदीच्या इन्सुलिनचे पाच युनिट होतात, म्हणजे नेहमीच्या अडीच पट. माझे हातपाय गार पडले. आईने मात्र आधी वाटीत मध काढला आणि मगच म्हणाली, "घाबरू नको, आधी त्याला खायला घाल. माझी साखर खाली जाते तेव्हा तू काय करतेस? तेच कर."

डॉक्टरबाईंना फोन केला. ग्लार्जिन सावकाश आणि लांबपर्यंत काम करते, त्यामुळे धोका लगेचचा नसून रात्रभराचा होता. दर तासाला कानाच्या कडेवरची बारीक शीर कोमट फडक्याने शेकून टोचायची, आकडा लिहायचा, थोडे थोडे खायला द्यायचे, तो झोकांड्या खाऊ लागला किंवा झटके आले तर हिरड्यांना मध चोळून तसेच दवाखाना गाठायचा, आणि सकाळचे इन्सुलिन त्यांना विचारल्याशिवाय द्यायचे नाही, असे त्यांनी सांगितले. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतो, हेही त्यांनी पूर्वीच समजावले होते, म्हणून मी निव्वळ आकड्याने हबकून जायचे नाही असे स्वतःला सांगत राहिले. साडेबाराला ७१ आले, दीडला ५४. दीड वाजता तो उभा राहताना डोलला. मी बोटाने हिरड्यांना मध लावला आणि कोंबडीचा रस्सा चमच्याने पाजला. आई समोर खुर्चीत बसून होती आणि दर वेळी आकडा मोठ्याने वाचायला सांगत होती. अडीचला ६३. साडेतीनला ८८. पाच वाजता ११९ आल्यावर तो आपण होऊन खिडकीखाली जाऊन बसला.

ग्लुकोमीटरच्या नऊ स्ट्रिप गेल्या. आज सकाळी आईच्या सर्व सिरिंज पितळी डब्यात घालून देव्हाऱ्याखालच्या खणात हलवल्या आणि तांबूच्या फ्रिजवरच्या टोपलीत ठेवल्या. इंजेक्शन दिले की कॅलेंडरवर खूण करायची, आणि दिले की नाही अशी शंका आली तर द्यायचे नाही. एक वेळ चुकली तर निभावते, दोनदा दिले तर निभावेलच असे नाही. वीज गेल्यावर इन्सुलिनचे काय, तेही आईने सोडवले. संगमेश्वराकडच्या आमच्या गावी फ्रिज नव्हता तेव्हा ती कुपी छोट्या मडक्यात घालून ते ओल्या फडक्याने गुंडाळून ठेवीत असे. तसे एक मडके आज कळवा नाक्यावरून आणले.

गणेश चतुर्थी

आई दादा-वहिनीबरोबर गावी गेली. मी गेले नाही. बारा-बारा तासांनी सुई द्यायची म्हणजे गाडीतच एक वेळ येते, आणि तिथे पशुवैद्य गाठायचा तर पाऊण तासाचा रस्ता आहे. निघताना दादा म्हणाला, "एका मांजरासाठी गणपती चुकवतेस?" त्याने ते रागाने म्हटले नाही. त्याच्या दोन मुलांच्या फीचे ओझे मला ठाऊक आहे, आणि गेल्या मार्चमध्ये मी त्याच्याकडून घेतलेले पैसे अजून पूर्ण फिटलेले नाहीत. तेव्हा विचारण्याचा त्याला अधिकार होता. मी फक्त "हो" म्हणाले.

शेजारच्या काकूंनी पाच मोदक आणून दिले. दुपारी घर फार शांत होते, म्हणून मी त्याच्या साखरेचा दिवसभराचा आलेख काढायला घेतला. सकाळच्या इंजेक्शनपासून दर दोन तासांनी मोजत गेले की साखर किती खाली उतरते आणि केव्हा, हे कळते, आणि मात्रा त्यावरूनच ठरते. दवाखान्यात हे करायचे तर दिवसभराचे पैसे पडतात, आणि तिथे घाबरून त्याचे आकडेही खोटे चढतात. घरात तो माझ्या मांडीवर झोपलेला असतो आणि कान टोचला तरी डोळे उघडत नाही. पैसे कमी असल्यामुळे जे घरी शिकावे लागले ते दवाखान्यापेक्षा त्याला अधिक मानवले, असे निदान या एका बाबतीत म्हणता येईल. सर्व बाबतींत ते खरे नाही. लघवीच्या संसर्गाची तपासणी मी दोनदा पुढे ढकलली होती, आणि ती पुढे ढकलण्यासारखी नव्हती, कारण संसर्ग असला की इन्सुलिन नीट लागू पडत नाही.

खाण्याचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. कमी पिष्टाचे डबाबंद खाद्य रोज दोन्ही वेळ परवडत नाही. सकाळी ते देते आणि संध्याकाळी कोंबडी. नुसती उकडलेली कोंबडी मात्र मांजराला पुरत नाही. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला अन्नातूनच मिळावे लागते, ते कमी पडले तर डोळे आणि हृदय बिघडते, आणि उकडताना ते बरेचसे पाण्यात उतरते. म्हणून रस्सा फेकायचा नाही, थोडी कलेजी घालायची, आणि डॉक्टरांनी दिलेली टॉरिन व कॅल्शियमची पूड मोजून मिसळायची.

रात्री आईचा गावाहून फोन आला. आरतीचे काही न सांगता तिने आधी विचारले, "सातचा आकडा किती?"

२४ सप्टेंबर

आज फ्रुक्टोसामाइन पुन्हा केले आणि ते बरेच उतरले आहे. वजन ५.१. लवकर आणि नीट काबू मिळाला तर काही मांजरांचे इन्सुलिन पुढे सुटते, असे डॉक्टरबाई म्हणाल्या. तांबूचे सुटेलच असे त्या म्हणाल्या नाहीत. त्याच्या टाचा आता बऱ्याचशा उचललेल्या असतात. काल तो खुर्चीवर आणि खुर्चीवरून खिडकीच्या कट्ट्यावर चढला.

ग्लार्जिनच्या एका कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट असतात. उघडल्यावर २८ दिवसांत ते संपवायचे असे वेष्टनावर लिहिले आहे, आणि रोजच्या चार युनिटने २८ दिवसांत ११२ च लागतात. उरलेले १८८ फेकताना पहिल्या वेळी मला रडू आले होते. आता डॉक्टरबाईंनी परवानगी दिली आहे की ते सतत फ्रिजमध्ये राहिले, पाण्यासारखे स्वच्छ दिसले आणि आकडे बिघडले नाहीत, तर पुढेही वापरावे. इन्सुलिनचा शोध लावणाऱ्यांनी १९२३ साली आपले पेटंट टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले, हे मी आईला वाचून दाखवले. पहिले प्रयोग कुत्र्यांवर झाले होते आणि पुढे कित्येक दशके माणसांचे इन्सुलिन गाईडुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. आई बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आपणच त्यांचं देणं लागतो."

हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी आज एक गोष्ट लिहून आईची सही घेतली. कीटोनचा तसाच झटका पुन्हा आला, तर एकदा परळला न्यायचे, कर्ज न काढता जेवढे होईल तेवढे करायचे. पण दोन दिवसांत तो खायला लागला नाही आणि डॉक्टरांनी आशा नाही म्हटले, तर त्याला आणखी ओढायचे नाही आणि त्या वेळी मी त्याच्याजवळ असायचे. हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवले. पण मार्चमध्ये मी रात्री अकरा वाजता, टॅक्सीत, रडत रडत निर्णय घेत होते, आणि तशा अवस्थेत त्याच्याविषयी काही ठरवण्याची वेळ मला पुन्हा येऊ द्यायची नाही.

आज संध्याकाळी सातचा आकडा १८६. दोन युनिट, नारिंगी टोपण, कॅलेंडरवर खूण. डब्यात अकरा स्ट्रिप उरल्या आहेत आणि पगाराला सहा दिवस आहेत. रोज एक धरली तर पाच राखीव राहतात, रात्रीबेरात्री लागल्या तर.