एकाच स्लाइडवर दोन मलेरिया
आज लॅबमध्ये बांधकामावरच्या एका तरुणाच्या रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. व्हायवॅक्स, म्हणजे मलेरियाच्या परजीवीची एक जात, लगेच दिसला: फुगलेल्या लाल पेशी, आत वेडावाकडा पसरलेला परजीवी. पावसाळ्यात नवी मुंबईच्या घणसोली-कोपरखैरणे भागात हे नवं नाही. तरी स्लाइड पुढे सरकवत राहिले, आणि एका ठिकाणी दुसऱ्या जातीची, फॅल्सिपेरमची, चंद्रकोर. स्पष्ट, शंकाच नको.

मिश्र संसर्ग, म्हणजे एकाच वेळी दोन जाती, रिपोर्टात क्वचित येतो, म्हणून तो दुर्मीळच असतो असं मानलं जातं. मला ते पटत नाही. एक जात सापडली की नजर तिथेच थांबते आणि संख्येने कमी असलेली दुसरी निसटते. पीसीआरने (परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीने) तपासलं की मिश्र संसर्ग जास्त सापडतात, हे भारतातल्या अभ्यासांतही दिसलंय.

आणि निसटणं महागात पडतं हो! फॅल्सिपेरम राहून गेला तर मेंदू, किडनीपर्यंत मजल जाते; व्हायवॅक्सवर चालणाऱ्या नुसत्या क्लोरोक्विनने भागत नाही. व्हायवॅक्स राहिला तर यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप. म्हणून मिश्र संसर्गात सहसा 3 दिवस एसीटी (आर्टेमिसिनिन गटातलं औषध आणि सोबत दुसरं एक) आणि यकृतात दडलेल्या व्हायवॅक्ससाठी 14 दिवस प्रायमाक्विन देतात (गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांना प्रायमाक्विन नाही).

पण ताप उतरला की माणूस कामावर परततो आणि गोळ्या सुटतात, कारण खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी बुडते. सोबत आलेल्या मुकादमाला म्हटलं, "दादा, डॉक्टर देतील तो कोर्स याच्याकडून पूर्ण करून घ्या. आणि साइटवरच्या टाक्या झाका, मलेरियाचा डास, ॲनोफिलीस स्टीफेन्सी, त्यातच अंडी घालतो." त्यांनी टाक्यांचं काम उद्याच करतो म्हणून सांगितलंय.