अकरावी पट्टी

सकाळी साडेसातला डेस्कवरून फोन आला. "तुमच्या दारव्ह्याचे जुने वार्ताहर रात्री गेले म्हणे. निधन वार्ता द्या, पाच-सहा ओळी."

कापसाच्या भावाची बातमी करायला मी बाजार समितीत निघालो होतो. गाडी तशीच त्यांच्या गावाकडे वळवली.

मला बातमी लिहायला त्यांनीच शिकवलं. सगळा तालुका त्यांना काका म्हणायचा. ऑफसेट छपाई येण्याआधी ते यवतमाळला एका दैनिकात खिळे जुळारी होते. शिशाची उलटी अक्षरं लावता लावता त्यांना उलटी ओळ सरळ वाचता यायला लागली, आपण दुकानाची पाटी वाचतो तशी. खिळ्यांचं काम संपलं तसे गावी परतले आणि तालुका वार्ताहर झाले. बातमीचं पाकीट संध्याकाळच्या एसटीत कंडक्टरजवळ द्यायचे. घर मात्र चार एकरांवरच चाललं.

निधन वार्तेच्या बाबतीत फार कडक. सुरुवातीला मी एका म्हातारीच्या नावात दीर्घाचं ऱ्हस्व केलं, तर दुसऱ्या दिवशी सायकल मारत माझ्या दारात. "मानूस त गेला रे बापू, आता त्याच्या नावातली वेलांटी त खाऊ नोको."

पोचलो तेव्हा अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं. काकूंसमोर वही काढायची हिंमत होईना. त्याच म्हणाल्या, "लिव्ह. वय एकोणऐंशी लिव्ह, कागदावर कमी हाये." जरा थांबून पुन्हा म्हणाल्या, "अन् लेखक लिवजो. पत्रकार त सारेच लिवतीन."

कडुलिंबाखाली उभं राहून मोबाइलवर बातमी पाठवली. लगेच फोन. "लेखक? पुस्तक कोणतं?"

पुस्तक नव्हतं. दिवाळी अंकांत तीन कथा, बस.

"मग ज्येष्ठ पत्रकार एवढंच ठेवू."

तेव्हा मी त्याला शकुंतलेची गोष्ट सांगितली. यवतमाळ-मूर्तिजापूर या 113 किलोमीटरच्या अरुंद रुळांवर धावायची ती आमची शकुंतला, आगगाडी. 15 एप्रिल 1994 ला तिचं वाफेचं इंजिन बंद झालं. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं इंजिन होतं ते. काकांनी दोन परिच्छेदांची बातमी पाठवली, तेवढीच जागा मिळायची. बाकीचं त्यांनी घरी लिहिलं. छापखान्यातून आणलेल्या रद्दी गॅली प्रुफांच्या, म्हणजे चुका तपासायला काढलेल्या छापील कागदांच्या, लांब पट्ट्या त्यांच्याकडे गठ्ठ्यानं पडून होत्या, त्यांच्या कोऱ्या बाजूवर. त्या कथेतला फायरमन डिझेल आल्यावर घरी येतो, अंगाला कोळशाचा वास नसतो, म्हणून त्याचं स्वतःचं कुत्रं त्याच्यावर भुंकतं. ओट्यावर बसून वऱ्हाडीत त्यांनी मला ती वाचून दाखवली होती. कुत्र्यापाशी आले की त्यांचा आवाज बसायचा. कुठं पाठवत का नाही, विचारलं की म्हणायचे, "अजून जुळली नाही."

पलीकडे उपसंपादक गप्प होता. मग म्हणाला, "कथालेखक ठेवतो. नाव एकदा अक्षर-अक्षर सांगा."

सांगितलं. वेलांटी दीर्घ आहे, हे दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अंक घेऊन गेलो. काकूंनी आधी नावावर, मग 'कथालेखक' या शब्दावर बोट फिरवलं आणि उठून आतून एक पोतं ओढत आणलं. पट्ट्यांवर निळ्या पेन्सिलीनं आकडे होते. जमिनीवर ओळीनं मांडल्या. एक ते सतरा, मध्ये अकरावी नाही. तासभर शोधली. शेवटी ती सैपाकघरात सापडली, फळीवर तिखट-मिठाच्या डब्यांखाली अंथरलेली. तेलानं लाकडाला इतकी चिकटली होती, की ओढली असती तर फाटली असती. म्हणून डबे खाली काढून ठेवले आणि उभ्या उभ्याच वहीत उतरवून घ्यायला लागलो. फायरमन दारात उभा आहे, कुत्रं उठतं, आणि पुढच्या दोन ओळींवर हळदीचा डाग.

मी मोबाइलचा उजेड धरला, डोळे अगदी जवळ नेले. काही लागेना.

"त्या मले पाठ हायेत," मागून काकू म्हणाल्या. "लिव्ह."