घुबडाच्या पाठीतला घाव

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ते नाणं हातात घेणारा प्रत्येक जण हेच विचारतो: "एवढे पैसे मोजलेत, मग चिरलेलं का घेतलंत?" (घरात घुबड कशाला आणलंस, असं मात्र फक्त आत्याने विचारलं.)

नाणं अथेन्सचं, इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. किंमत चार द्रख्मा (द्रख्मा म्हणजे तिथलं चलन), वजन 17 ग्रॅमच्या किंचित वर, म्हणजे जवळपास दीड तोळा. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना देवी. दुसऱ्या बाजूला घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर. घुबडाच्या पाठीत छिन्नीचा खोल घाव.

खरं उत्तर म्हणजे स्वस्तात मिळालं. पण आज कोणी बिनघावाचं देऊन हे मागितलं, तरी मी देणार नाही.

अथेन्समध्ये ही नाणी मोजून चालायची. इजिप्तमध्ये किंवा फिनिशियात (आजच्या लेबननच्या किनाऱ्यावर) पोचली की ती नुसती चांदी, तराजूत टाकायची. तिथला व्यापारी घुबडाला कशाला भुलेल? आत तांबं तर नाही ना, हे बघायला तो छिन्नी मारायचा. त्याचा संशय अगदीच वावगा नव्हता. स्पार्टाशी चाललेलं युद्ध हातातून निसटत असताना, इ.स.पू. 406 च्या सुमारास, खुद्द अथेन्सनेच तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली नाणी पाडली होती.

अथेन्सच्या बाजारात मात्र घावाचा अर्थ नेमका उलटा. इ.स.पू. 375-374 मधला एक कायदा दगडावर कोरलेला आहे. तो शिलालेख 1970 साली तिथल्या अगोराच्या, म्हणजे जुन्या बाजारचौकाच्या, उत्खननात सापडला. बाजारात एक पारखी बसायचा, तोही सरकारी गुलाम. नाणं आतून तांब्याचं किंवा शिशाचं निघालं, तर त्याने ते तिथल्या तिथे चिरायचं आणि मग ते देवमातेच्या मालकीचं व्हायचं. त्याने खरं ठरवलेलं नाणं एखाद्या दुकानदाराने नाकारलं, तर त्या दिवशी विकायला मांडलेला सगळा माल जप्त. आणि पारखी स्वतःच जागेवर बसला नाही तर त्याला 50 फटके! मला त्या कायद्यातलं हे कलम सगळ्यात जास्त आवडतं.

म्हणजे नाईलकाठी जो घाव खरेपणाची खूण, तोच अथेन्सच्या पेठेत खोटेपणाची. माझ्या नाण्याच्या घावात तळापर्यंत चांदीच आहे, आणि तिच्यावर बाकीच्या अंगासारखाच जुना काळसर थर. नुसत्या चांदीवर मात्र भुलायचं नसतं. आजचे बनावट नाणी पाडणारे चांदी वापरायला मागेपुढे बघत नाहीत. म्हणून वजन, कडा, हा थर, सगळं भिंगाखाली तपासावं लागतं.

आता तुम्ही विचाराल, दाम किती पडला? हा शब्दही तिकडचाच. द्रख्माचा झाला द्रम्म, कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत तो भेटतो, आणि द्रम्माचा दाम. आकडा मात्र अजून आत्याला सांगितलेला नाही, तेव्हा तुम्हालाही नाही.