जोडा काढून नव्हे, जोडा घालून

आमच्या सोलापुरातल्या पेठेतील तालमीत शिरताना वहाणा उंबऱ्याबाहेर काढाव्या लागतात, आणि हौद्याच्या मातीला चपलेचा तळ लागला तर वस्ताद त्या पोराकडून शंभर बैठका काढून घेतात. हे लहानपणापासून अंगात भिनलेले असल्यामुळे, ज्या खेळात बूट घालूनच उतरायचे आणि बुटानेच मारायचे, त्या फ्रेंच बॉक्सिंगची चित्रफीत प्रथम पाहताना मला अवघडल्यासारखे झाले. या खेळाचे जुने नाव ‘सवात’. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ झिजलेला जुना जोडा. आपल्याकडे जोडा दाखवणे हा अपमान, तिथे तेच खेळाचे नाव.

पॅरिसच्या गल्ल्यांतील ही हाणामारी मिशेल कासो याने नियमांत बांधली आणि १८२५ मध्ये तिची तालीम उघडली. त्याचा शिष्य शार्ल लकूर हा ओवेन स्विफ्ट या इंग्रज मुष्टियोद्ध्यापुढे हातांच्या कामात उणा पडला. मात्र रुसून न बसता तो इंग्रजी मुष्टियुद्ध शिकला आणि त्याने ते लाथांशी जोडले. माझ्या मते खरा खेळ तिथे जन्मला. पुढे जोझेफ शार्लमाँने त्याला शिस्त लावली. त्याचा मुलगा शार्ल याने १८९९ मध्ये जेरी ड्रिस्कॉल या इंग्रजाला आठव्या फेरीत लाथेने पाडले, पण ती लाथ नेमकी कुठे बसली यावर इंग्रजांनी बराच वाद घातला. निकालावरून तंटा हा आपल्या जत्रेतल्या कुस्त्यांनाही नवा नाही.

लाथ मारायची ती फक्त पावलाने. नडगी, गुडघा, कोपर चालत नाही. ‘फुएते’ म्हणजे चाबकासारखी फिरून येणारी लाथ: आधी गुडघा उचलला जातो, मग पोटरी झटक्यात सुटते आणि बुटाचे टोक किंवा वरची बाजू लागते. ‘शासे’मध्ये गुडघा छातीशी घेऊन तळवा सरळ ढकलायचा. हातमोज्यांच्या रंगांवरून खेळाडूची पायरी कळते. निळ्यापासून आरंभ होतो. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये या खेळाची प्रात्यक्षिके झाली. जोर्ज कार्पांतिए पोरवयात हाच खेळ खेळला, मग मुष्टियुद्धाकडे वळून १९२० मध्ये लाइट हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला. १९२१ मध्ये हेवीवेट जगज्जेत्या जॅक डेम्प्सीने मात्र त्याला चौथ्या फेरीत गारद केले.

वस्तादांना मी हे मोबाइलवर दाखवले. “पायातली वहाण पायातच बरी,” असे आधी ते पुटपुटले. नंतर त्यांनी फुएते तीनदा मागे नेऊन पाहिली, तीही मारणाऱ्या पायाकडे लक्ष न देता, उभ्या पायाची टाच चवड्यावर कशी फिरते तेवढेच. मग म्हणाले, “आमच्या कुस्तीतल्या ढाक डावातही हाच पाय आधी फिरतो. करून बघ. पण बूट बाहेर काढून ये.”